होडीवरचा इन्व्हर्टर चालत नाही? डबा उघडण्याआधी बारा व्होल्टची बाजू तपासा

उजनीच्या फुगवट्यात पर्यटकांना रोहित पक्षी दाखवायला नेणारी होडी असो, करमाळ्याच्या बाजूची मासेमारीची होडी असो, की पंढरपुरात चंद्रभागेतली दिवे आणि स्पीकर लावलेली नाव असो, तक्रार साधारण एकच ऐकू येते: "इन्व्हर्टर गेला." मग इन्व्हर्टर काढून दुकानात नेला जातो. तिथल्या टेबलावर, चांगल्या बॅटरीवर तो व्यवस्थित चालतो. होडीवर परत बसवला की अलार्मची पिपाणी पुन्हा सुरू.

असं होण्याचं कारण बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्या बाहेर असतं. ६०० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर बारा व्होल्टच्या बॅटरीतून ५५ ते ६० अँपिअर ओढतो. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगमधून एवढा प्रवाह सहसा जात नाही. त्यामुळे घरी चालून जाणारी सैल नटाची किंवा बारीक वायरीची चूक होडीवर लगेच अंगाशी येते. खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. बरेचसे बिघाड पहिल्या तीन पायऱ्यांतच सापडतात.

सुरुवात करण्यापूर्वी

गोड्या पाण्यात विजेचा धोका समुद्रापेक्षा जास्त असतो, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा कितीतरी चांगलं विद्युतवाहक आहे. त्यामुळे तिथे गळणारा प्रवाह बराचसा शरीराला वळसा घालून जातो. उजनीच्या किंवा चंद्रभागेच्या पाण्यात उलट होतं: पाण्यापेक्षा शरीर चांगलं वाहक ठरतं आणि प्रवाह शरीरातून वाट काढतो. दहा-वीस मिलिअँपिअरला स्नायू आखडतात, हात-पाय हलत नाहीत आणि चांगला पोहणाराही बुडतो. म्हणून काम करताना होडी काठाला बांधलेली असावी, कुणी पाण्यात उतरलेलं नसावं आणि काठावरून ओढलेली विजेची कोणतीही लाइन होडीला जोडलेली नसावी. कुणी पाण्यात आखडलेला दिसला तर आधी लाइन तोडा, मग दोरी किंवा ट्यूब फेका. लाइन चालू असताना उडी मारू नका, उडी मारणाराही तसाच आखडतो.

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पान्हा किंवा अंगठी अडकली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू क्षणात लाल होतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडून वारा खेळू द्या आणि जवळ बिडी-काडी नको. पेट्रोलच्या इंजिनाची होडी असेल तर आधी तळात पेट्रोलचा वास येतो का पाहा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळात साचून राहते.

साहित्य फार लागत नाही: डिजिटल मल्टिमीटर, १० व १३ नंबरचे पाने (दांड्यावर टेप गुंडाळून), तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, पेट्रोलियम जेली, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ऍसिडची घनता मोजणारी नळी) आणि लोड म्हणून मांडववाल्याकडचा ५०० वॉटचा हॅलोजन. क्लँप मीटर (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा) असेल तर उत्तमच, पण तो डीसी मोजणारा हवा. स्वस्तातले बरेच क्लँप मीटर फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर शून्य दाखवतात.

पायरी १: बॅटरी निवांत असताना मोजा

इंजिन बंद, सोलरची वायर काढलेली, लोड बंद. असे किमान तीन-चार तास गेले की मगच मोजा. नुकती चार्ज झालेली बॅटरी खोटा आकडा दाखवते. मल्टिमीटरची टोकं क्लँपवर नव्हे, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा.

१२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे पाव उरलेली, आणि ११.८ म्हणजे रिकामी. निम्म्याखाली असेल तर पुढचं काहीही तपासण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. रिकाम्या बॅटरीवर घेतलेल्या मापांवरून कुठलाच निष्कर्ष निघत नाही.

चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच थांबत असेल तर सहापैकी एक सेल मेलेला आहे. झाकणं उघडून प्रत्येक सेलचं हायड्रोमीटरने माप घ्या. सगळे सेल एकमेकांच्या जवळपास हवेत. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून जास्त खाली असेल तर ती बॅटरी गेली. पाणी पातळीखाली असेल तर डिस्टिल वॉटरच घाला. बोअरचं किंवा धरणाचं पाणी घातलं की त्यातले क्षार प्लेटांवर बसतात.

बॅटरी कसली आहे तेही पाहा. ट्रॅक्टरची किंवा गाडीची स्टार्टिंग बॅटरी काही सेकंद मोठा प्रवाह देण्यासाठी बनलेली असते. तिला रोज निम्म्यापर्यंत उतरवली तर काही महिन्यांत तिची क्षमता गळते. इन्व्हर्टरसाठी ट्युब्युलर बॅटरीच घ्यावी.

पायरी २: लोड लावून तीन ठिकाणी मोजा

सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी हीच लोक टाळतात. लोडशिवाय मोजलेला व्होल्टेज वायरीबद्दल काहीच सांगत नाही, कारण प्रवाहच नसतो.

इन्व्हर्टर सुरू करून ५०० वॉटचा हॅलोजन लावा. इन्व्हर्टर ६०० वॉटपेक्षा लहान असेल तर त्याच्या निम्म्या क्षमतेचा लोड घ्या. हॅलोजन ५०० वॉटचा असेल तर बॅटरीतून साधारण ४८ ते ५० अँपिअर जातात. पाच मिनिटं चालू द्या आणि तो चालू असतानाच ही मापं घ्या.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. पूर्ण भरलेली, धडधाकट १०० ते १५० अँपिअर-तासाची बॅटरी पाच मिनिटांनंतरही साडेअकराच्या वर राहते. भरलेली असूनही ११ खाली घसरत असेल तर बॅटरी थकलेली आहे, वायरी तपासण्यात वेळ घालवू नका.

दुसरं माप इन्व्हर्टरच्या मागच्या दोन टर्मिनलवर. पहिल्या आणि दुसऱ्या मापातला फरक म्हणजे वायर, फ्यूज, स्विच आणि लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) यांनी मिळून खाल्लेला व्होल्टेज. हा फरक ०.४ पर्यंत ठीक आहे. ०.५ च्या पुढे गेला तर दोष मधल्या वाटेत आहे. बॅटरीवर ११.८ आहे आणि इन्व्हर्टरपर्यंत १०.६ पोचतात, अशी स्थिती असेल तर इन्व्हर्टर पिपाणी वाजवणारच. बहुतेक इन्व्हर्टर ११ ते १०.५ ला अलार्म देतात आणि १०.५ ते १० ला बंद पडतात. तो त्याचं काम बरोबर करतोय.

तिसरं माप एकाच वायरीच्या दोन टोकांमध्ये. एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरं इन्व्हर्टरच्या धन टर्मिनलवर. मग तेच ऋण बाजूला. ज्या बाजूला आकडा मोठा, दोष त्या बाजूला. आता टोक जवळ-जवळ सरकवत न्या: खुंटी ते क्लँप, क्लँप ते लग, लग ते फ्यूज, फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे. जिथे आकडा एकदम उडी मारतो तोच सांधा खराब. असा सांधा बहुधा गरमही झालेला असतो, म्हणून सरळ बोटाने पकडू नका, हाताची मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घ्या.

पायरी ३: वायर, लग आणि फ्यूज

बॅटरी ते इन्व्हर्टर तीन मीटर अंतर आणि ५० अँपिअर प्रवाह धरला, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांब्याची वायर, तर व्होल्टेज असा पडतो: २५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.२३, १६ च्या वायरीत ०.३६, १० च्या वायरीत ०.५७, आणि ६ च्या वायरीत जवळजवळ पूर्ण १ व्होल्ट. म्हणून ६०० वॉटच्या इन्व्हर्टरला तीन मीटरसाठी २५ ची वायर घ्या. वायर जाड करण्यापेक्षाही चांगला उपाय म्हणजे इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ आणणे. २३० व्होल्टची बारीक वायर होडीवर लांब गेली तरी फारसा फरक पडत नाही, बारा व्होल्टची मात्र शक्य तितकी आखूड हवी.

सोलापुरात वेल्डिंगची केबल सहज मिळते आणि ती लवचिक असल्यामुळे होडीवर चालते. घेताना टोक चाकूने खरवडून पाहा. वरून तांबडी आणि आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे, ती नको. होडीचं इंजिन सतत हादरे देतं, दमटपणा असतो. अशी तार लगमध्ये सैल होते आणि आतून काळी पडते.

लग हातोडीने ठोकून बसवलेला असेल तर तो दोषी धरूनच चाला. हायड्रॉलिक क्रिंपिंगने दाबून घ्या, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवा आणि प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर ठेवा. खुंटीवर पांढरा-हिरवट क्षार आला असेल तर आधी ऋण, मग धन क्लँप काढा. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवा (सेलमध्ये थेंबही जाता कामा नये), तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासा, क्लँप घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून वर क्लँप आवळू नका.

फ्यूज धन वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. ६०० वॉटला ८० अँपिअरचा, १००० वॉटला १२५ अँपिअरचा एएनएल फ्यूज (नटाने आवळायचा, मोठ्या प्रवाहाचा पट्टीसारखा फ्यूज). घरगुती एमसीबी लावलेला अनेक होड्यांवर दिसतो. तो एसीसाठी बनलेला असतो आणि बॅटरीच्या शॉर्टमधला डीसी प्रवाह तोडण्याची खात्री त्याच्याकडून देता येत नाही. फ्यूजच नसेल तर पुढची फेरी मारण्याआधी तो बसवा. पत्र्याच्या होडीत धन वायर कडेला घासून उघडी पडली तर आग लागायला एक मिनिटही पुरेसं असतं.

आणखी एक हमखास सापडणारी चूक: इन्व्हर्टर सोलर कंट्रोलरच्या बल्बचं चित्र असलेल्या टर्मिनलला जोडलेला असतो. ते टर्मिनल बहुधा १० ते २० अँपिअरचंच असतं. इन्व्हर्टर कायम थेट बॅटरीला, फ्यूजमधून जोडायचा.

पायरी ४: लोडचा हिशेब

बॅटरी आणि वायर चांगली असूनही काही विशिष्ट वस्तू लावली की लाल दिवा लागत असेल, तर तो ओव्हरलोड. मोटर आणि फ्रीज सुरू होताना चालू लोडच्या पाच ते सात पट प्रवाह घेतात. १२० वॉटचा लहान फ्रीज ६०० वॉटच्या इन्व्हर्टरवर सुरू होताना अडकतो, यात नवल नाही. अर्धा अश्वशक्तीचा पंप तर १००० वॉटवरही भरवशाचा नाही.

किती वेळ चालेल याचा हिशेब सोपा आहे. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून निम्मेच वापरायचे, म्हणजे ५० गुणिले १२, ६०० वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के जातात, उरतात ५१० च्या आसपास. नऊ वॉटचे चार एलईडी, ६० वॉटचा अँप्लिफायर आणि ४० वॉट मोबाइल चार्जिंग मिळून १३६ वॉट होतात. म्हणजे पावणेचार तास. आषाढीला रात्रभर दिवे आणि स्पीकर चालवायचे असतील तर ही बॅटरी पुरणार नाही, आणि तो दोष इन्व्हर्टरचा नाही.

रिकामा चालू राहिलेला इन्व्हर्टरही अर्धा ते एक अँपिअर पितो. ०.६ अँपिअर धरले तरी आठवड्यात १०० अँपिअर-तास संपतात. होडी आठवडाभर उभी राहिली आणि बॅटरी मेलेली सापडली, तर आधी इन्व्हर्टरचं बटण पाहा.

खरं तर वरच्या यादीतल्या एकाही वस्तूला २३० व्होल्ट लागत नाहीत. बारा व्होल्टचे एलईडी, गाडीतला यूएसबी चार्जर आणि बारा व्होल्टवर चालणारा अँप्लिफायर बाजारात मिळतात. त्याने बॅटरी जास्त वेळ पुरते, स्पीकरमधली घूं-घूं बहुधा जाते आणि ओल्या होडीवर प्राणघातक व्होल्टेजच उरत नाही. लहान होडीला हाच सल्ला सर्वांत आधी द्यावा असा आहे.

पायरी ५: उष्णता

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ च्या पुढे जातो. बहुतेक इन्व्हर्टरची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंतच गृहीत धरलेली असते. उन्हात तापलेल्या फायबरच्या बंद कप्प्यात तापमान याहून खूप वर जातं. सकाळी व्यवस्थित आणि दुपारी दोनला बंद, गार झाला की पुन्हा सुरू, अशी लक्षणं असतील तर कारण उष्णताच.

पंखा फिरतो का, जाळीत कोळिष्टकं किंवा धूळ आहे का ते पाहा. चारही बाजूंनी किमान चार बोटं मोकळी जागा ठेवा, वर सावली करा. बॅटरीच्या डोक्यावर इन्व्हर्टर कधीच नको: खालून येणारी ऍसिडची वाफ आतलं सर्किट खाते आणि हायड्रोजनजवळ ठिणगी पडू शकते. पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यातही नको. उष्णतेने बॅटरीचंही आयुष्य घटतं, दर दहा अंशांना साधारण निम्मं, म्हणून तिलाही सावली हवी.

पायरी ६: आउटपुट मोजताना होणारी फसगत

साध्या मल्टिमीटरने मोजल्यावर आउटपुट १८० किंवा २०० दिसला म्हणून इन्व्हर्टर खराब ठरवू नका. स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांची लाट देतात, आणि साधा मीटर ती लाट कमी वाचतो. कुठल्याही आकाराची लाट बरोबर वाचणाऱ्या ट्रू आरएमएस मीटरवर तोच इन्व्हर्टर २३० च्या जवळ दिसतो. अशा इन्व्हर्टरवर पंखा घुरघुरणं आणि काही अडॅप्टर तापणं अपेक्षितच आहे; त्यावर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच उपाय.

दुसरी फसगत टेस्टरची. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि लोक "न्यूट्रलमध्ये फेज आला" म्हणतात. लहान इन्व्हर्टरचं आउटपुट बहुधा कुठेच अर्थ केलेलं, म्हणजे जमिनीशी जोडलेलं, नसतं, म्हणून दोन्ही टोकं बॉडीच्या तुलनेत शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवू शकतात. हा बिघाड नाही. तो "दुरुस्त" करायला न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधू नका. अनेक स्वस्त इन्व्हर्टर त्याच क्षणी जळतात. माहितीपत्रकात तशी परवानगी लिहिलेली असेल तरच जोडा.

यातून एक गंभीर गोष्ट निघते. असं मोकळं आउटपुट असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळताच लाइन तोडणारा स्विच) लावूनही तो पहिल्या गळतीला पडत नाही, कारण प्रवाहाला परतीची वाटच नसते. त्याचं टेस्ट बटण मात्र दाबलं की पडतो, कारण ते बटण फेज-न्यूट्रलमधूनच प्रवाह नेतं. बटण चाललं म्हणजे संरक्षण आहे, असं समजू नका. अशा इन्व्हर्टरवर एका वेळी एकच, दुहेरी आवरणाची वस्तू लावा.

यात्रेत घाटावरून तात्पुरती लाइन होडीवर घेतली जाते, तेव्हा ती इन्व्हर्टरच्या सॉकेटशी समांतर कधीही जोडू नका. इन्व्हर्टर तत्क्षणी फुटेल. चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच वीज जोडू देणारा) लागतोच, आणि काठावरच्या जोडणीला आरसीसीबी लागतोच. शक्य तिथे ही लाइन घेऊच नका.

पायरी ७: चार्जिंग

बॅटरी दर दोन दिवसांनी उतरते, पण चाचणीत चांगली निघते, तर ती भरतच नसणार. इंजिन मध्यम वेगात चालू ठेवून खुंट्यांवर मोजा: १३.८ ते १४.४ हवे. १३ च्या खाली म्हणजे चार्जिंग नाही. १५ च्या वर म्हणजे रेग्युलेटर गेला. त्या व्होल्टेजला इन्व्हर्टरही बंद पडतो आणि बॅटरीचं पाणी उकळतं. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका, त्या झटक्याने इन्व्हर्टर जातो.

लहान आउटबोर्ड इंजिन ६ ते १० अँपिअरच देतं. वापरलेले ५० अँपिअर-तास परत भरायला ते सात-आठ तास चालावं लागेल. पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांत हे होत नाही. आपल्याकडच्या उन्हात १०० वॉटचं पॅनेल दिवसाला साधारण २५ ते ३० अँपिअर-तास देतं, म्हणून २०० वॉटचं पॅनेल आणि चांगला कंट्रोलर हा खरा उपाय.

इंजिन सुरू करण्याची बॅटरी आणि इन्व्हर्टरची बॅटरी वेगळी ठेवा. एकच असेल तर स्पीकर वाजून-वाजून ती संपते आणि वळवाचा वारा सुटतो तेव्हा भर जलाशयात इंजिन सुरू होत नाही. २४ व्होल्टच्या लाँचवर दोनपैकी एकाच बॅटरीतून बारा व्होल्टचा इन्व्हर्टर घेतलेला असेल तर तोही बदला: एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी कायम जास्त चार्ज होते.

पायरी ८: इन्व्हर्टर अगदीच मृत असेल तर

टर्मिनलवर १२ पेक्षा जास्त व्होल्ट आहेत, बटण चालू आहे, पण दिवाही नाही, पिपाणीही नाही. आता इन्व्हर्टरवर संशय घ्यायला हरकत नाही. दोन्ही वायरी काढा आणि दहा मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेलं असू शकतं. बाहेरून काढता येणारे फ्यूज असतील तर ते तपासा आणि गेलेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला. वायर अडकवून भागवू नका.

मग मीटर बझरवर ठेवून डीसी टर्मिनलवर टोकं टेकवा, नंतर उलटी करून पुन्हा. दोन्ही वेळा बझर सतत वाजत राहिला, किंवा नवा फ्यूज लावताक्षणी उडाला, तर आतले मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेत. बहुतेकदा कारण धन-ऋण उलटे जोडणं हेच असतं. इथे थांबा. मॉसफेट बदलणं हे ऑसिलोस्कोप आणि प्रवाह मर्यादित करणारा पॉवर सप्लाय असलेल्या कारागिराचं काम आहे. देताना पायरी २ मधले आकडे कागदावर लिहून द्या, त्याचे तास वाचतील.

इन्व्हर्टर परत जोडताना एक छोटी ठिणगी पडते, रिकामे कपॅसिटर एकदम भरतात म्हणून. मोठ्या इन्व्हर्टरला धन वायर थेट न टेकवता १० ओहमच्या २५ वॉटच्या रेझिस्टरमधून दोन-तीन सेकंद टेकवा, मग नट आवळा. शेवटचा सांधा बॅटरीपासून दूरच्या टोकाला करा. नंतर पायरी २ ची तिन्ही मापं पुन्हा घ्या आणि आकडे कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी पिपाणी वाजली की आधी त्याच आकड्यांशी ताडून बघा.